दोन महिने झाले, अजून ‘बर’च काढतोय

प्रश्न : मेकॅनिकल डिप्लोमा झाल्यावर एका मशीन शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो. दोन महिने नुसते जॉबचे (मशीनवर घडवलेल्या तुकड्याचे) बर, म्हणजे कडेला राहिलेले धातूचे काटे, काढतोय, चिप्स (कातलेल्या धातूचा चुरा) गोळा करतोय आणि मापं घेतोय. मला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) शिकायचं होतं. सोडून दुसरीकडे जाऊ का?

उत्तर : इतक्यात नको सोडूस. चिप्स झाडण्यात काही विद्या नाही, तुझी चिडचिड रास्तच आहे. पण मापं घेणंही तू त्याच रांगेत बसवलंस, ते मला पटलं नाही.

मी ट्रेनी होतो तेव्हा 50 मिमी व्यासाचा एक शाफ्ट (दांडा) शेवटचा कट झाल्या झाल्या चकमध्येच, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीतच, मोजला. मायक्रोमीटरवर माप अगदी बरोबर. अर्ध्या तासानं इन्स्पेक्शनला तोच शाफ्ट अंडरसाइझ, मापापेक्षा बारीक! स्टील तापलं की फुगतं. एवढ्या व्यासाला 30 अंशांमागे साधारण 0.017 मिमी. टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) 0.02 ची असेल तर तेवढ्यात जॉब गेला. जाड राहिलेल्या जॉबवर पुन्हा कट घेता येतो, बारीक झालेला स्क्रॅपमध्ये जातो. त्या दिवशी खाल्लेली बोलणी अजून आठवतात.

आता सीएनसीचं. जॉब लाव, बटण दाब, जॉब काढ, हे तुला दोन दिवसांत येईल. वर्षानुवर्षं तेवढंच करणारे ऑपरेटर मी पाहिलेत. खरी मागणी सेटरला, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याला. पहिला जॉब निघाला की तो मोजतो, व्यास 0.03 जास्त आला तर टूलचा ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) कुठल्या दिशेला किती द्यायचा ते ठरवतो. त्याचा सगळा भरवसा मापावर, आणि तेच तुझ्या हातात आत्ता आहे.

बर काढतानाही डोळे उघडे ठेव. सकाळी बारीक येणारा बर दुपारी जाड यायला लागला, तर बहुधा इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची) धार गेलेली असते. जाऊन सेटरला सांग. दोन-तीनदा तुझं म्हणणं खरं ठरलं की तो स्वतःच हाक मारेल. सुपरवायझरकडे ‘मला सीएनसी द्या’ म्हणून हट्ट धरू नकोस. ‘शिफ्ट सुटल्यावर सेटिंग बघायला थांबू का?’ असं विचार. सोबत ड्रॉइंग माग आणि कुठला जॉब, कुठलं टूल, किती स्पीड, काय बिघडलं ते वहीत लिहीत जा.

आणखी चार महिने असे काढूनही सेटिंगच्या जवळ फिरकू देत नसतील, तर मात्र खुशाल सोड. पुढच्या मुलाखतीला ती वही घेऊन जा.

एक न विचारलेलं सांगतो. बर काढताना हातमोजे ठीक, पण फिरत्या चकजवळ जाताना ते काढायचेच. आणि ‘चक की’ (चक आवळायची किल्ली) चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही. ती जागेवर ठेवली की मगच मशीन चालू.