आजी रिकामी घागर घेऊन कुठे निघाली?

क्लीव्हलँड, अमेरिका

प्रिय चिऊ,

काल आजीचा फोटो बघून तू विचारलंस, "डोक्यावर रिकामी घागर घेऊन आजी भर रस्त्यात का उभी आहे?" तो हंडा मोर्चा गं. नळाला पाणी येईना की आपल्याकडे बायका रिकामे हंडे घेऊन कचेरीच्या दारात जातात आणि उलथन्याने बडवतात. आजीच्या घागरीला जे पोचे आहेत ना, ते त्याचेच. (दोन माझ्या क्रिकेटचे.)

आपल्या सोलापूर जिल्ह्यात ११७ टीएमसीचं (म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं) उजनी धरण असून पाणी जातं कुठे? बरंचसं उसाला. मोहोळचे माझे मामा पूर्वी ज्वारी पेरायचे. काळ्या रानातल्या ओलीवर ती थंडीत पिकते, पाटाचं पाणी लागत नाही. पण पोती आपणच आडतीवर न्यायची आणि मिळेल तो भाव घ्यायचा. उसाला सरकारने ठरवलेला दर, शिवाय तोडायला कारखान्याची टोळी थेट बांधावर. मामांनी ऊस लावला. काय लावायचं याची त्यांना मोकळीक होती, मीही तेच केलं असतं. सगळ्यांनीच केलं, आणि पाण्याचा हिशोब कुणीच मांडला नाही.

इथली कायाहोगा नदी तू सहलीत पाहिलीस. १९६९ साली ती पेटली होती, तेलाच्या तवंगाने! त्याआधीही कितीदा तरी पेटली होती. पण कारखान्यांच्या धुरावर घरं चालत होती, कोण बोलणार? मग लोक बोलू लागले, आणि १९७२ साली पाणी स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. तिकडे अरल समुद्र बघ. सोव्हिएत सरकारने कापसासाठी दोन नद्या वळवल्या, समुद्र आटला. तिथे नफेखोर मालक कुणी नव्हता, पण हंडा बडवायचीही सोय नव्हती.

आजीचा मोर्चा चार हुतात्मा पुतळ्यांवरून गेला. १९३० साली सोलापुरात इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला होता. त्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिलं. तेव्हा कसले मोर्चे!

मी फोनवर म्हटलं, "आई, या वयात उन्हात कशाला?" तर म्हणाली, "भांडल्याबिगर नळाला पाणी येतंय व्हय बे?"

तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला पाणी आलं. मामांच्या उसाला ते आठवडाभर आधीच मिळालं होतं.

तुझा,
बाबा