तासाला सतरा पैशांचं कोडं

कोपरखैरण्याहून एका वाचकाची लांबलचक मेल आली आहे, ती थोडक्यात देतो. वय २७, महाप्याच्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टची नोकरी, हातात पगार ४१ हजार. खोली मित्राबरोबर भाड्यानं घेतलेली, वाट्याला ९ हजार येतात. साताऱ्याला आईवडिलांना महिन्याला ८ हजार जातात. शिल्लक २ लाख ६० हजार, सगळी बचत खात्यात पडून. गेले सहा महिने जुन्या लॅपटॉपवर ते बिटकॉइनच्या ७१व्या कोड्याची प्रायव्हेट की, म्हणजे तिथले पैसे काढता येणारी गुप्त आकड्याची किल्ली, शोधताहेत. आता त्यासाठी १ लाख ८५ हजारांचा ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर घ्यायचाय, १ लाख रोख आणि बाकीचे बारा हप्त्यांत. "अडचण एवढीच की लॅपटॉपची ताकद कमी पडते," असं ते लिहितात. किल्ली सापडली तर घणसोलीत वन बीएचके.

मेल वाचताना मला आधी वाटलं, कुणीतरी यांना गंडवतंय. पण कोडं खरं आहे. जानेवारी २०१५ मध्ये कुणा अनामिकानं एकाच व्यवहारात २५६ पत्त्यांवर, म्हणजे खातेक्रमांकांसारख्या ठिकाणी, बिटकॉइन टाकले. पहिल्या पत्त्याची किल्ली एका बिटची, म्हणजे ०-१ च्या भाषेतल्या एका अंकाची, दुसऱ्याची दोन बिटांची, अशी चढती भाजणी. लोकांकडची यंत्रं कुठल्या पायरीपर्यंत पोचतात, ते बघायची ही पट्टी. २०१७ मध्ये त्यानं १६०च्या वरच्या पत्त्यांवरची रक्कम खालच्या कोड्यांत वळवली, २०२३ मध्ये बक्षिसं दहापट केली. म्हणून ७१व्या पत्त्यावर ७.१ बिटकॉइन आहेत. ठेवणाऱ्यानं शोधणाऱ्यांसाठीच ठेवलेत, त्यामुळे हे शोधणं म्हणजे चोरी नव्हे. हेच सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या वॉलेटवर चालवलं, तर मात्र ती चोरीच.

आता ताकदीचं बोलू. ७१ बिटांतला पहिला ठरलेलाच असतो, म्हणून ७१व्या कोड्यात तपासायच्या किल्ल्या २ चा ७०वा घात इतक्या, म्हणजे ११८ वर १९ शून्यं. तुमचा लॅपटॉप सेकंदाला २ कोटी किल्ल्या तपासतो, असं तुम्ही लिहिलंय. ऐकायला झकास वाटतं, पण या वेगानं सगळा पट्टा संपवायला साधारण १८ लाख ७० हजार वर्षं लागतील. नवं कार्ड सेकंदाला १०० कोटी तपासेल, म्हणजे पन्नासपट. मग लागतील ३७ हजार ४०० वर्षं. वर्षभर रात्रंदिवस मशीन चालवून किल्ली सापडण्याची शक्यता ३७,४०० मध्ये एक. ठाण्याहून वाशीला ट्रान्स हार्बरनं जाताना अठरा-एकोणीस किलोमीटर पडतात. तेवढं अंतर म्हणजे हे कोडं धरलं, तर वर्षभरात तुमची गाडी अर्धा मीटर सरकेल. दाराजवळचा माणूस सावरून उभासुद्धा राहिलेला नसेल.

"पण मी रँडम मोडवर लावलंय, नशीब उद्याही उघडू शकतं," हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बरोबर आहे, उद्याही उघडू शकतं. पण ओळीनं शोधा नाहीतर उड्या मारत शोधा, आजच्या दिवसाची शक्यता तेवढीच राहते. उलट रँडममध्ये आधी बघितलेली किल्ली पुन्हा समोर येऊ शकते.

मी पैशांचा माणूस, म्हणून हे सगळं तासाच्या भावात आणून बघितलं. हिशेबाला सोपं जावं म्हणून बिटकॉइन ८० लाखांना धरू. म्हणजे बक्षीस ५ कोटी ६८ लाख. त्याला ३७,४०० नं भागलं की वर्षाच्या शोधाची किंमत निघते साधारण १,५२० रुपये. तासाला १७ पैसे. कॉम्प्युटर आणि कार्ड मिळून ३०० वॅट खाणार, म्हणजे तासाला ०.३ युनिट. घरमालक सबमीटरवर युनिटला १२ रुपये घेतात असं तुम्हीच कळवलंय, म्हणजे ३ रुपये ६० पैसे. सतरा पैशांची शक्यता विकत घ्यायला साडेतीन रुपयांवर वीज जाळायची. महिन्याला २१६ युनिट, २,६०० रुपये, आणि यात कॉम्प्युटरची किंमत धरलेली नाही. नुसतं वीजबिल भरून निघायलासुद्धा बिटकॉइन १७ कोटींच्या घरात जायला हवा.

कार्ड सहापट वेगाचं घेतलं तर? सतरा पैशांचा रुपया होईल, पण वीजही दुपटीच्या आसपास लागेल आणि कार्ड तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. तासावर भाड्यानं मिळणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचाही हाच हिशेब लावा. कार्ड भाड्यानं देणारा वीज, जागा आणि नफा धरूनच दर लावतो, १७ पैशांत कोण देईल?

समजा, किल्ली सापडली. इथे या कोड्यातली सगळ्यात खोडकर गोष्ट आहे, आणि तिचा तुमच्या मेलमध्ये उल्लेखही नाही. पत्त्यावरून पैसे हलवायला व्यवहार पाठवला की त्यात पब्लिक की, म्हणजे गुप्त किल्लीची जाहीर जोडी, उघडी पडते. ती दिसली की ७१ बिटांची किल्ली शोधायला कांगारू नावाची वेगळी पद्धत वापरता येते, तिला २ च्या ७०व्या घाताऐवजी साधारण ३५व्या घाताइतकेच प्रयत्न लागतात. चांगल्या कार्डाला हे सेकंदांचं काम. सप्टेंबर २०२४ मध्ये ६६वं कोडं सुटलं तेव्हा हेच झालं. शोधणाऱ्यानं व्यवहार सोडला, टपून बसलेल्या बॉटनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं, किल्ली काढली आणि जास्त फी लावून तेच पैसे स्वतःकडे वळवले. ६.६ बिटकॉइन, ज्यानं शोधले त्याला मिळालेच नाहीत. यावर उपाय आहे, व्यवहार जाहीर न करता थेट बिटकॉइनची खाण (मायनिंग) चालवणाऱ्या, म्हणजे व्यवहारांची नोंद करणाऱ्या कंपनीकडे द्यायचा. पण त्या क्षणी हात थरथरत असताना हे आठवायला हवं.

कराचंही सांगतो. क्रिप्टो विकून होणाऱ्या नफ्यावर २०२२ पासून सपाट ३० टक्के कर आणि वर सेस आहे, एवढ्या रकमेवर सरचार्जही लागतो. खरेदीची किंमत सोडली तर कुठलाच खर्च वजा मिळत नाही, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. मायनिंगच्या यंत्रसामग्रीवरचा खर्चसुद्धा खरेदीखर्च धरत नाहीत, मग तुमचं वीजबिल कोण धरणार? सतराचे बारा पैसे उरतात, सरचार्ज बाजूला ठेवून.

मला लहानपणचे चरईतले काका आठवले. दर आठवड्याला बक्षिसी शब्दकोडी भरायचे, बरोबर पोस्टल ऑर्डर जोडायचे. बक्षीस कधी लागलं नाही, पण घरात कुणी त्यांना बोललंही नाही, कारण काकूनं ठरवून दिलेल्या रकमेपुढे ते कधी गेले नाहीत. मला तुमच्या कोड्याचा त्रास नाही. पाच रुपयांच्या छंदाला पावणेदोन लाखांच्या वरचा खर्च लावू नका, एवढंच. सहा महिन्यांत तुम्ही लिनक्सवर स्क्रिप्ट लिहायला लागलात, असं मेलच्या शेवटी सहज लिहून गेलात. ते तुमच्या पगाराच्या कामाचं आहे, त्यावर खर्च करायचा असेल तर जरूर करा.

म्हणून कॉम्प्युटर नको. हप्ता ७ हजारांच्या वर, वीज २,६००, म्हणजे महिन्याला पावणेदहा हजार. त्याऐवजी हे बघा. घर, खाणं, साताऱ्याचे पैसे मिळून तुमचा महिना २९ हजारांत निघतो. सहा महिन्यांचे १ लाख ७४ हजार बाजूला काढा. मोडता येईल अशा एफडीत ठेवा, बचत खात्यात नको, रात्री दोन वाजता ग्राफिक्स कार्डांच्या ऑफर दिसल्या की तिथले पैसे हाताशीच असतात. कंपनीचा आरोग्य विमा फक्त तुमचा आहे आणि वडील ५८ वर्षांचे आहेत. उरलेल्या ८६ हजारांतून पहिला खर्च आईवडिलांच्या आरोग्य पॉलिसीचा. दोन-तीन कंपन्यांचे कोट मागवा आणि जुने आजार लपवू नका.

हप्त्याला तयार ठेवलेले ७ हजार महिना एसआयपीत घाला. पाच वर्षांत नुसतं मुद्दलच ४ लाख २० हजार होतं. घणसोलीच्या घराला ते पुरणार नाहीत, ते मलाही दिसतंय. कर्ज ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंत असेल तर बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, मुद्रांक शुल्क वेगळं. पाच वर्षांत पगार वाढेल तशी एसआयपी वाढवली तर आकडा आवाक्यात येऊ लागतो, आणि सध्या घणसोलीऐवजी जरा लांबचा विचार करायला हरकत नाही.

चॅट ग्रुपवर ५ हजारांत "खात्रीची रेंज", म्हणजे किल्ली नक्की ज्यात आहे असा छोटा पट्टा, देणाऱ्याबद्दल विचारलंय. रेंज खात्रीची असती तर त्यानं ती तुम्हाला विकली नसती.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला तीच सगळ्यात जास्त खुपली. ते सॉफ्टवेअर चालावं म्हणून तुम्ही अँटिव्हायरस बंद ठेवता, आणि नेटबँकिंगही त्याच लॅपटॉपवरून करता. २ लाख ६० हजार त्याच खात्यात आहेत. आज रात्री मित्राच्या मशीनवरून पासवर्ड बदला, व्यवहाराची मर्यादा खाली आणा, आणि लॅपटॉप फॉरमॅट करा. एफडीचं सोमवारी बघू.