ओढणाऱ्याला तुरुंग नको, विकणाऱ्याला दुकानही नको

तुम्ही विचारलंय, "सज्ञान माणूस स्वतःच्या घरात बसून गांजा ओढत असेल तर सरकारचा काय संबंध? भारतात गांजा कायदेशीर का करू नये?"

मी जिल्हा न्यायालयात १४ वर्षं फौजदारी वकिली करतेय. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं बंद झालं पाहिजे. पण गांजाची दुकानं उघडायला माझा ठाम विरोध आहे. "कायदेशीर करा" म्हणताना लोक या दोन गोष्टींची एकच मोट बांधतात आणि मग वाद भरकटतो.

अमली पदार्थांवरचा आपला कायदा १९८५ चा, कोर्टात आम्ही त्याला एनडीपीएस म्हणतो. त्यात एकाच झाडाचे तुकडे पाडलेत. नुसती पानं म्हणजे भांग, ती या कायद्यात येत नाही. उत्तरेत तिची सरकारी परवान्याची दुकानं आहेत. त्याच झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा. तो १ किलोपर्यंत सापडला तर 'स्मॉल क्वांटिटी', १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेला की 'कमर्शियल', १० ते २० वर्षं. आणि पंचनाम्याच्या वेळी बऱ्याचदा काय होतं? फुलोरे, पानं, काड्या, बिया सगळं एकाच पोत्यात घालून काट्यावर ठेवतात. व्याख्येत फुलोऱ्यांशिवायची नुसती पानं नाहीत, नुसत्या बिया नाहीत, पण वजनात सगळं धरलेलं. मुद्देमालाचा असा आकडा २० किलोच्या पुढे सरकला की जामीन मिळणं महाकठीण होतं. मग आरोपीचं आयुष्य काड्यांच्या वजनावर ठरतं.

पण एवढ्या मोठ्या केसेस कमी. मला जास्त दिसतात ती पोरं. गेल्या पावसाळ्यातला एक मुलगा, वय १९, बारावी करून भरतीची तयारी करणारा, रोज पहाटे मैदानावर पळणारा. खिशात वर्तमानपत्राच्या कागदातली ३० ग्रॅमची पुडी. दंडाधिकाऱ्यांसमोर उभा केला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती, दुसरी पकडापकडीत कुठेतरी पडलेली. जामीन झाला, पण आई बाहेरच्या बाकड्यावरून उठेना. "मॅडम, पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय त्याने. आता हो?" चारित्र्य पडताळणीत ही केस दिसणार होती. मी तिला खरं ते सांगितलं. त्या ३० ग्रॅमने त्याचं जेवढं नुकसान केलं असतं, त्याच्या कितीतरी पट त्या एका नोंदीने केलं.

इथपर्यंत मी तुमच्याच बाजूची आहे. पण दुसरी बाजू माझ्या घरातली आहे.

माझ्या मावसभावाने कॉलेजच्या हॉस्टेलवर १७ व्या वर्षी गांजा ओढायला सुरुवात केली, आणि रोज. दोन वर्षांनी दिवाळीला घरी आला तो खोलीबाहेर येईना. मावशीने दार उघडून पाहिलं तर त्याने स्विचबोर्डाचं प्रत्येक भोक चिकटपट्टीने बंद केलं होतं. त्यातून माणसं बोलतात म्हणे. पुढचे चार महिने याच्यात गेले: आधी देवऋषी, मग कुणाचा तरी अंगारा. डॉक्टरकडे का नेलं नाही? काकांना भीती, की डॉक्टर विचारणार, पोरगं गांजाचं कबूल करणार आणि पोलीस दारात येणार. मी घरातली वकील, माझ्यापासूनही लपवलं. खरं तर याच कायद्यात ६४-अ कलम आहे: जवळ थोडासा माल सापडला किंवा सेवन केलं एवढाच आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. हे किती घरांना ठाऊक आहे? जो कायदा आरोग्यासाठी म्हणून केला, त्याच्याच धाकाने माझा भाऊ चार महिने दवाखान्यापासून लांब राहिला. ते चार महिने मला अजून टोचतात.

मनोविकारतज्ज्ञांनी आम्हाला नीट समजावलं की सगळा दोष गांजाचा नाही, आजाराची प्रवृत्ती आधीच असू शकते, पण कोवळ्या वयात रोजचा गांजा तिला लवकर आणि जोरात वर काढतो. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या ४५ हजारांवर तरुण सैनिकभरतीवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी त्या वयापर्यंत ५० पेक्षा जास्त वेळा ओढला होता, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि संशयाच्या मानसिक आजाराचं, प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट दिसलं. त्यातही आजचा माल तेव्हाचा नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, १९९५ च्या सुमाराला ४ टक्के होता. २० वर्षांत तो १२ च्या आसपास गेला.

तुमचा मुद्दा स्वातंत्र्याचा आहे, आणि तो मी मानते. माझं शरीर, माझा निर्णय. पण निर्णय घ्यायचा तो मनाने, आणि १७ व्या वर्षी ते मन अजून घडत असतं. सज्ञान माणसाच्या हक्काचं बोलताना ओढायला सुरुवात कोणत्या वयात होते, हे बघायलाच हवं.

आणि दुकानाचं म्हणाल तर आपल्या डोळ्यांसमोर गुटखा आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी, तरी टपरीवर पुडी मिळते, आणि टीव्हीवर त्याच नावाने वेलचीची जाहिरात मोठे नट करतात. दारूचं पाहा. मे २०२० मध्ये शाळा बंद, देवळं बंद, दारूची दुकानं मात्र उघडली, कारण सरकारला त्या महसुलाची गरज होती. एकदा तिजोरीला सवय लागली की सरकार लोकांचं व्यसन कमी करायला कशाला धडपडेल? कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा खुला केला आणि दोन महिन्यांत मार्लबोरो सिगारेटवाल्या आल्ट्रिया कंपनीने तिथल्या एका गांजा कंपनीत १८० कोटी डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. सिगारेट विकून ज्यांनी पैसा केला त्यांना नवं गिऱ्हाईक कुठे आहे ते बरोबर कळतं. थायलंडने २०२२ मध्ये घाईने सगळं मोकळं केलं, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची करावी लागली.

मला पटतं ते पोर्तुगालचं. तिथे २००१ पासून स्वतःपुरता, साधारण १० दिवसांचा साठा सापडला तर फौजदारी खटला नाही. माणूस एका छोट्या समितीपुढे जातो आणि गरज असेल तर उपचाराची वाट दाखवतात. विक्री अजूनही गुन्हाच. फार तर उरुग्वेइतकं पुढे जावं: २०१३ चा कायदा, नोंदणी केलेल्या प्रौढ रहिवाशाला घरी ६ झाडं किंवा औषधाच्या दुकानातून महिन्याला ४० ग्रॅम, जाहिरात पूर्ण बंद. तिथे धंदेवाल्याचा हात सरकारने बांधून ठेवलाय. आपल्याकडे तो बांधलेला राहील यावर माझा विश्वास नाही, म्हणून माझं मत पोर्तुगालवर थांबतं.

माझा भाऊ आता २६ चा आहे. काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो, हिशेब चोख ठेवतो, गोळ्या रोज घेतो. हे उत्तर वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर डॉक्टरला गांजाचंही मोकळेपणी सांगा. सरकारचा टेली-मानस हा मानसिक आरोग्यासाठीचा मदतीचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीतून बोलतात. चार महिने वाट पाहू नका.