पहिल्याच तासाला तांब्या

"मॅडम, शिकवायच्या आधीच परीक्षा? हा कुठला न्याय?"

नववीतल्या मुलीची आई विचारत होती. जूनमध्ये नव्या शाळेत चित्रकलेच्या पहिल्याच तासाला सरांनी टेबलावर तांब्या आणि दोन कांदे ठेवले, जमेल तसं काढा म्हणाले. शेजारच्या दोघींना एलिमेंटरीत, म्हणजे शासकीय रेखाकला परीक्षेच्या पहिल्या पायरीला, 'अ' श्रेणी. त्यांचे कागद बघून हिचा हातच चालेना. तेव्हापासून चित्रकलेचा तास असला की सकाळी पोटात दुखायचं. त्यापुढच्या इंटरमीजिएट परीक्षेतल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आईचाही जीव टांगणीला.

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की ही तक्रार येतेच. मी सरांना भेटून तो कागद मागितला. तांब्याचं तोंड ताटासारखं वाटोळं, बूड मात्र सरळ रेघ. खोडरबर इतकं घासलेलं की उजव्या कडेला कागदाला भोक. मागे सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'लंबवर्तुळ शिकवणे. रेघ फार दाबून.' गुण नाहीत, श्रेणी नाही. वर्गात कुणी तिसरीपासून क्लासला जाणारं, कुणाच्या आधीच्या शाळेत चित्रकलेला शिक्षकच नव्हते. कोण कुठे आहे हे कळल्याशिवाय त्यांनी सुरुवात तरी कुठून करायची?

पण हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय त्यातली चार चांगली चित्रं त्याच दिवशी भिंतीवर लागली होती. ते मला अजिबात पटलं नाही आणि तसं मी सरांना स्पष्ट सांगितलं. चित्रं भिंतीवर लागली की मुलांच्या लेखी ती स्पर्धाच होते. सरांनी ऐकून घेतलं, चित्रं उतरवली.

पुढच्या भेटीत मी मुलीच्या हातात स्टीलचा पेला दिला. "डोळ्यांच्या रेषेत धर." वरची कड आडवी रेघ दिसली. "आता हळूहळू खाली ने." रेघ उघडत गेली, चपटी लंबगोल झाली.

"अय्या, गोल दिसतच नाही की हो!"

तोंड गोल असतं हे तिला माहीत होतं, म्हणून तिने गोल काढलं. हात वाईट नव्हता, तांब्याकडे नीट बघितलं नव्हतं.

हाताचं तर आईनेच बोलता बोलता सांगितलं. दिवाळीत ११ ते ६ ठिपक्यांची रांगोळी ही एकटी घालते, एक रेघ हलत नाही. तांब्याच्या कागदावर हे कुठून दिसणार? रेखाकला परीक्षेतही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे वेगवेगळे पेपर असतात ते उगीच नाही. सरांना रांगोळीचं सांगितलं, तर त्यांनी लगेच सगळ्या वर्गाकडून एक नक्षीही काढून घेतली. आईला मी म्हटलं, "ताई, किती गुण पडले हे विचारू नका. चित्रात काय दिसलं आणि आता काय शिकवणार, हे सरांना विचारा."

सहामाहीच्या आधी सरांनी तोच तांब्या पुन्हा ठेवला. ती दोन्ही कागद मला दाखवायला घेऊन आली. तोंड थोडं एका बाजूला कललेलं, पण लंबगोल. भोक कुठेच नाही.

"कांदे अजून जमत नाहीत," तीच म्हणाली आणि कागदावर बोट ठेवून कुठे बिघडलंय ते मला दाखवू लागली.