एनएफ-१ असलेल्या मुलाला जेईईचा क्लास लावावा का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. अंगावर जन्मापासून कॉफीच्या रंगाचे डाग होते, सहाव्या वर्षी डॉक्टरांनी एनएफ-१ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप-१ हा जनुकीय आजार) सांगितलं. डोळ्यांची आणि बीपीची तपासणी दरवर्षी करतो, तब्येत ठीक आहे. पण अभ्यासाला बसला की दहा मिनिटांत हरवतो. भूमितीत नापास, अक्षर वाईट. शाळा म्हणते, आळशी आहे. मामाच्या नर्सरीत मात्र दिवसभर रमतो, कुठल्या गिऱ्हाइकाने कोणतं रोप नेलं तेही त्याच्या लक्षात असतं. यजमान त्याला जेईईच्या फाउंडेशन क्लासला घालायचं म्हणतात. काय करावं?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, क्लासची फी सध्या भरू नका. त्याआधी एक महत्त्वाचं काम राहून गेलेलं दिसतंय.

एनएफ-१ साधारण तीन हजारांत एका मुलाला असतो. सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड होतो. हे जनुक न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन तयार करतं आणि पेशींच्या वाढीच्या संदेशांना लगाम घालणं हे त्या प्रथिनाचं काम. त्वचेवरचे डाग सगळ्यांना दिसतात, म्हणून आपल्याकडे हा त्वचेचा आजार समजला जातो. पण तेच प्रथिन मेंदूतही काम करतं. त्यामुळे एनएफ-१ असलेल्या मुलांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या मुलांना लक्ष टिकवण्याची अडचण असते. यातली बरीच मुलं दंगा करत नाहीत, नुसती हरवतात. म्हणून शिक्षकांना ती आळशी वाटतात. तुमच्या मुलाला हा शब्द घरात तरी पुन्हा ऐकू येऊ देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

भूमिती आणि अक्षर हा वेगळा धागा आहे. रेषांची दिशा, कोन, आकृतीतली जागा ओळखणं या मुलांना अनेकदा जड जातं, हाताचं वळणही कच्चं राहतं. म्हणजे भूमितीत तो लक्ष नसल्याने अडतोय की आकृतीच नीट उमगत नाही म्हणून, हे वेगळं करून पाहायला हवं. हे मार्कांवरून कळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून पूर्ण मूल्यमापन करून घ्या आणि नुसता बुद्ध्यांकाचा एक आकडा घेऊन परत येऊ नका. भाषा, आकृतीज्ञान, ताबडतोबीची स्मृती, लक्ष आणि लेखन यांचे गुण वेगवेगळे मागा. तो मध्येच एकटक पाहत राहतो आणि हाक मारूनही भानावर येत नाही, असं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. या आजारात काही मुलांना फिट्स येतात आणि बाहेरून त्या अशाच दिसू शकतात.

लक्षाची अडचण सिद्ध झाली तर औषध आहे. मिथिलफेनिडेटचा एनएफ-१च्या मुलांनाही उपयोग होतो. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि एनएफ-१मध्ये रक्तदाबाची जोखीम आधीच असते. त्यामुळे ते बालरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचं.

दहावीच्या सवलतींबद्दल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहे, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवण्याच्या अडचणीचं, नाव नाही. म्हणून लेखन आणि गणिताची चाचणी याच मूल्यमापनात करून घ्या. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयाचं लागतं, दहावी सुरू होण्याआधीच जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जादा वेळ आणि लेखनिक मिळाला तर या मुलाला खरंच फरक पडेल.

आता यजमानांचा प्रश्न. एनएफ-१ आहे म्हणून इंजिनिअरिंग नको, असं मी म्हणणार नाही. या आजारात प्रत्येक मूल वेगळं असतं, एकाच घरातल्या दोघांतही फरक असतो. पण शाळेनंतर तीन तास बाकावर बसवून त्याच विषयांचा मारा केला, तर जिथे तो आज अडतोय तिथेच रोज हरेल.

नर्सरीचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला ते सगळ्यात मोलाचं वाटलं. काम छोटं, हातातलं, समोर माणूस बोलतंय, तिथे त्याचं लक्ष टिकतं आणि स्मरण उत्तम चालतं. सुट्टीत मामांना सांगा, त्याला कलमं बांधायला द्या, हिशोबाची वही द्या, एखाद्या वाफ्याचा आराखडाही काढायला सांगा. आराखड्यात अडला आणि बाकी जमलं, तर लँडस्केपिंगपेक्षा रोपवाटिका त्याला जवळची, हे तुम्हालाच दिसेल. पुढे जीवशास्त्र घेऊन बारावी आणि सीईटी दिली, तर राहुरी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्येची पदवी करता येते. बारावी सायन्स झेपेल असं वाटलं नाही, तर दहावीनंतर आयटीआयमध्येही उद्यानविद्येचा ट्रेड आहे.

मूल्यमापनाला यजमानांनाही सोबत न्या आणि अहवाल मानसशास्त्रज्ञांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. तो हाती आला की मला पाठवा, अकरावीची शाखा त्यावरून ठरवू.