शर्टाच्या आत दोन टी-शर्ट

ऐन उन्हाळ्यात समुपदेशनासाठी आलेला तो घामाने निथळत माझ्यासमोर बसायचा. पंख्याखालची खुर्ची दिली तरी शर्टाचं वरचं बटण चाचपत राहायचा. वय 23. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) तिसऱ्या भेटीत उलगडा झाला: शर्टाच्या आत दोन टी-शर्ट. "खांदे जरा भरल्यासारखे दिसतात, मॅडम."

ही तक्रार नवी नाही, फक्त मुलगे ती फार उशिरा बोलतात. अंग किडकिडीत, आवाज बारीक. शाळेपासून 'बायल्या' हे नाव चिकटलेलं. ऑफिसात कुणीतरी हसत विचारलं, "तू तसला आहेस का रे?" तेव्हापासून मीटिंगमध्ये तोंड उघडणं बंद. शेवटी मलाच विचारलं, "मी खरंच तसा असेन का?"

"तुला आवडतं कोण?"

एक मुलगी आवडत होती. सांगताना कान लाल झाले.

आवाजाच्या पट्टीवरून किंवा मनगटाच्या जाडीवरून कुणाचं आकर्षण कळत नाही, हे मी सांगितलंच. पण पुढचंही सांगितलं: मुलगा आवडत असता तरी त्यात उपचार करण्यासारखं काही नव्हतं; जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढली. "छे, तू कसला तसला!" एवढ्यावर सोडलं असतं तर त्याला हायसं वाटलं असतं, आणि चिडवणाऱ्यांचीच री मी ओढली असती.

एक चूक मात्र केली होती. पहिल्याच भेटीत म्हणून गेले, "छान दिसतोस की!" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आईपण हेच म्हणते."

आरशासमोर तास जातात का, जेवण-झोप बिघडलीय का, अंग भरायला इंजेक्शनं घेतोस का, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं विचारून घेतलं. यातलं काही असतं तर मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. नव्हतं.

मग त्याला कॉर्नेल विद्यापीठातला, 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या जणांनी तो पाहिला असणार. प्रत्यक्षात लक्षात आला साधारण पावपट लोकांच्या. त्याला चिडवलं गेलं हा काही भास नव्हता. पण रोज सगळे आपले खांदेच मोजताहेत, हा हिशेब तपासण्यासारखा होता.

"एक टी-शर्ट कमी करून जा. किती जणांच्या लक्षात येईल, तो आकडा आधी लिहून ठेव."

त्याने 10 लिहिला. आठवड्याने आला तो हसतच. एकाने विचारलं होतं, "केस कापलेस का?"

दुसरा टी-शर्ट अजून निघालेला नाही. मीही घाई करत नाही. परवाच्या मीटिंगमध्ये मात्र त्याने एक प्रश्न विचारला.

"आवाज चिरकला, मॅडम."

"मग?"

"मग काय, उत्तर दिलं त्यांनी."