तिसरीच्या पोरांना स्पॅनिश कसं शिकवू?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातल्या एका खाजगी शाळेत शिकवते. ह्या वर्षापासून आमच्याकडं तिसरीला स्पॅनिश चालू केलंय, आठवड्याला दोन तास, आणि मी कॉलेजात असताना कोर्स केलेला म्हणून ते माझ्याकडंच आलं. पोरं घरी मराठी, बाहेर कानडी, शाळेत इंग्लिश, टीव्हीवर हिंदी, एवढ्यात पाचवी भाषा कशाला म्हणून पालक नाराज आहेत. पुस्तक इंग्लिशमधलं, त्यामुळं पोरं 'ओला'ला (hola, म्हणजे नमस्कार) 'होला' वाचतात आणि माझा अर्धा तास तेच सुधारण्यात जातो. काय करू? – एक शिक्षिका, खानापूर

उत्तर: बाई, पहिलं म्हणजे ते पुस्तक दिवाळीपर्यंत कपाटात ठेवा. रोमन अक्षरं दिसली की पोरगं इंग्लिशच वाचणार, त्यात त्याची काय चूक. एच मुका असतो हे फळ्यावर समजावण्यापेक्षा वर्गात शिरताना रोज 'ओला' म्हणा, पोरं आपसूक तसंच म्हणायला लागतील.

आणि मधे इंग्लिश आणूच नका, सरळ मराठीवरून जा. स्पॅनिशचे पाच स्वर म्हणजे जवळपास आपले आ ए इ ओ उ, आणि त आपल्यासारखाच दाताला जीभ लावून. टोमॅटो हातात धरा आणि 'तोमाते' म्हणून घ्या, इंग्लिशवरून आलेलं पोर 'टोमाटे' म्हणतं आणि मग ती सवय सुटता सुटत नाही. एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ असते तो उच्चार आपल्या ञच्या अगदी जवळचा. 'जे' (J) ह्या अक्षराचा उच्चार तेवढा अवघड, उर्दूतल्या 'ख़बर'सारखा घशातून येतो, वर्गात उर्दू बोलणारं पोर असेल तर त्यालाच पुढं बोलवा.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते 'मे गुस्ता'. इंग्लिशमध्ये 'मी' कर्ता होतो, पण स्पॅनिश आपल्यासारखं 'मला आवडतो' म्हणतं आणि वस्तू एक का अनेक त्यावर क्रियापद फिरतं. मे गुस्ता एल कुंदा, मला कुंदा आवडतो. मे गुस्तान लोस मांडे, मला मांडे आवडतात. बघा, आवडतो-आवडतात तसंच गुस्ता-गुस्तान! व्याकरण सांगत बसू नका, मधल्या सुट्टीआधी डबे उघडायला लावा आणि एकेकाला विचारत जा.

तो-ती पोरांना माहीतच आहे, फक्त आपला बटाटा तो आणि तिकडं 'ला पाताता' म्हणजे ती. वय सांगताना मात्र मराठी कामाला येत नाही, 'तेंगो ओचो आन्योस' म्हणजे शब्दशः 'माझ्याकडं आठ वर्षं आहेत', ते अख्खं वाक्यच पाठ करून घ्या.

पालकांची काळजी खरी आहे, आपल्या सीमाभागात भाषेचा विषय साधा नाही, घरची मराठीच मागं पडेल ही भीती असते. म्हणून त्यांना एकदा वर्गात बोलवा आणि सांगा की स्पॅनिश ही पोर्तुगीजची सख्खी बहीण आणि पोर्तुगीज १५१० पासून शेजारच्या गोव्यात होते, त्यांचे किती शब्द आपण रोज बोलतो. चावीला स्पॅनिशमध्ये यावे, पपईला पापाया, निपाणीच्या तंबाखूला ताबाको, आणि पागार म्हणजे पैसे देणं. हे पोरांनीच आईबापांना सांगू दे.

लेखी परीक्षा ह्या वर्षी नको हे हेडबाईंना आत्ताच सांगून ठेवा. टोमॅटो दाखवून नाव विचारलं आणि डब्यातलं काय आवडतं ते पोरानं सांगितलं, तेवढं बास.